किटच्या फोल्डरवरचे ९५ टक्के आणि आपल्या बाकड्यावरचा पेशंट: निदान-चाचणीचा पेपर कसा वाचायचा

पावसाळा लागला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातनं तापाचे पेशंट वाढतात आणि त्यांच्या मागोमाग रॅपिड किटवाले एमआर (कंपनीचे विक्री प्रतिनिधी) पण वाढतात. टायफॉईडचं कार्ड, डेंग्यूचं कार्ड, लेप्टोचं कार्ड, आता स्क्रब टायफसचं पण. प्रत्येकाकडं एक चकचकीत फोल्डर असतोच, त्यावर ठळक अक्षरात "सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के" (म्हणजे आजार असलेल्या १०० पैकी ९५ टेस्टनं पकडले) आणि खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी जर्नलचं नाव. आता ते जर्नल खरं असतं, पेपर खरा असतो, आकडे पण बहुतेक वेळा कुणी मनानं लिहिलेले नसतात. तरी ते कार्ड आपल्याकडं तसं चालत नाही, आणि का चालत नाही हे त्या पेपरातच लिहिलेलं असतं, फक्त ॲबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सारांशात नाही, मेथड्समध्ये, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागात, जिथं आपण जातच नाही.

हे लिहायलोय ते बेळगावात पीजी करणाऱ्या आणि जर्नल क्लबची पाळी आली की रात्रभर स्लाइड बनवत बसणाऱ्या पोरांसाठी, तालुक्याला दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांसाठी, आणि लॅब चालवणाऱ्या डीएमएलटीवाल्यांसाठी पण, कारण किट विकत घ्यायचा निर्णय शेवटी तेच घेतात की वो. स्टॅटिस्टिक्स येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. भागाकार आणि टक्केवारी आली की नव्वद टक्के काम होतं.

एक सवय मात्र पहिल्यापासून लावून घ्या. टक्के सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बघायचं पेशंट कोण होते, मग खरा आजार कुणाला हे ठरवलं कसं, मग मधल्या मधे कोण गळलं, आणि मग टक्के. उलट्या क्रमानं वाचलं की ९५ चा आकडा डोक्यात बसतो आणि पुढं सगळे दोष "चालतंय की" वाटायला लागतात.

पेपर उघडायच्या आधी: आपला प्रश्न काय?

एका कागदावर चार गोष्टी लिहा. माझा पेशंट कोण, मला वापरायची टेस्ट कुठली, खरा आजार कशानं ठरणार, आणि ही टेस्ट मला कशासाठी पाहिजे.

चौथी गोष्ट लोक सोडून देतात. टेस्ट तीन प्रकारे कामाला येते. एक, जुनी टेस्ट काढून तिच्या जागी, म्हणजे विडाल (टायफॉईडची जुनी रक्ततपासणी) बंद करून नवीन कार्ड. दोन, चाळणी म्हणून, म्हणजे कार्ड निगेटिव्ह आलं तर पुढं कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून बघायचा) खर्चच नको. तीन, जोडीला, म्हणजे आहे त्या टेस्टनी भागलं नाही तर आणखी एक. चाळणी करणाऱ्या टेस्टला सेन्सिटिव्हिटी तगडी लागते, कारण तिथं सुटलेला पेशंट घरी जातो. आणि पॉझिटिव्ह आल्यावर महिनोनमहिने औषध सुरू होणार असेल, टीबीसारखं, तर स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्या १०० पैकी किती बरोबर निगेटिव्ह येतात, ती तगडी लागते. हे न ठरवता "टेस्ट चांगली हाय का?" असं विचारलं तर त्याला उत्तरच नसतं.

आपल्या भागात टायफॉईडचं उदाहरण सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचं, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच धरून चालतो. विडाल टेस्ट १८९६ सालची, आणि अजून प्रत्येक तापाला ती लिहिली जाते.

पेशंट आणले कुठनं

घोडं इथंच पेंड खातं. मेथड्समध्ये पहिला पॅरा वाचा आणि शोधा की पेशंट ओळीनं आले तसे घेतले, की निवडून घेतले.

चांगला अभ्यास असा असतो: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत तीन दिवसांपेक्षा जास्त ताप असलेला जो जो आला त्याला घेतलं, सगळ्यांचं कार्ड केलं, सगळ्यांचं ब्लड कल्चर केलं. डॉक्टरला तेव्हा माहीत नव्हतं कुणाला टायफॉईड आहे आणि कुणाला नाही. आपल्या ओपीडीत पण तेच असतं.

वाईट अभ्यास कसा असतो: फ्रीजरमधनं १०० कल्चर पॉझिटिव्ह टायफॉईडची सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) घेतली, आणि ब्लड बँकेतनं १०० निरोगी रक्तदात्यांची. दोन्हीवर कार्ड चालवलं. अशात टेस्ट पास होणारच. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणि मीठ समोर ठेवून ओळख म्हटलं तर कुणीपण ओळखेल, दोन दुकानांचा कुंदा ठेवून ओळख म्हटलं की खरी परीक्षा. आपल्याकडं निरोगी रक्तदाता टायफॉईडची टेस्ट करायला येतो का? येतो तो डेंग्यूवाला, मलेरियावाला, शेतात चिखलात उभा राहून लेप्टो झालेला, स्क्रब टायफसवाला. टेस्टला ह्या लोकांपासून टायफॉईड वेगळा काढता आला पाहिजे, म्हणून "आजार नाही" ह्या गटात कोण आहे ते नावासकट वाचा. तिथं नुसतं "हेल्दी कंट्रोल्स" लिहिलं असेल तर त्या स्पेसिफिसिटीवर काट मारली तरी चालेल.

ही काय माझ्या मनची शंका नाही. रॅन्सोहॉफ आणि फाइन्स्टाइन ह्यांनी १९७८ मध्येच हे मांडलं होतं की आजाऱ्यांची आणि बिनआजाऱ्यांची रेंज अरुंद असली की टेस्ट उगाच भारी दिसते. पुढं १९९९ मध्ये लाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून मोजलं, तर आजारी वेगळे आणि निरोगी वेगळे गोळा केलेल्या अभ्यासांत टेस्टची ताकद, डायग्नॉस्टिक ऑड्स रेशोच्या (आजारी आणि बिनआजारी टेस्ट किती वेगळे काढते त्याचा एकच आकडा) हिशोबानं, साधारण तिप्पट फुगलेली दिसली. तिप्पट म्हणजे काय थोडंथोडकं नाही.

कुणाला वगळलं ती यादी पण बघा. "आधी अँटिबायोटिक घेतलेले वगळले" असं वाक्य टायफॉईडच्या पेपरात सापडू शकतं. अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबर, कल्चर बिघडतं. पण आपल्याकडं बाहेरगावचा पेशंट मेडिकल दुकानातनं चार गोळ्या खाऊन, ताप उतरला नाही म्हणून मग बेळगावला येतो. म्हणजे अभ्यासातनं नेमका आपलाच पेशंट बाहेर काढला. असे पेपर खोटे नसतात, आपल्या कामाचे नसतात, एवढंच.

टेस्ट वाचली कुणी, आणि त्याला काय माहीत होतं

विडालची स्लाइड टेस्ट कधी डोळ्यांनी बघितली नसेल तर एकदा लॅबमध्ये उभं राहून बघा. काचेवर सीरमचे थेंब कमी कमी करत टाकतात, ८० मायक्रोलिटर, ४०, २०, १०, ५, प्रत्येकात अँटिजेनचा एक थेंब, काडीनं कालवायचं, मिनिटभर काच हलवायची आणि गुठळ्या दिसतात का बघायचं. पहिल्या दोन गोलात ठळक दिसतं, शेवटच्या दोनात काहीच नसतं, आणि मधल्या गोलात कडेला बारीक रवाळ काहीतरी दिसल्यासारखं होतं. आता फॉर्मवर "ताप ८ दिवस, टायफॉईड?" असं लिहिलेलं असेल तर तो रवा गुठळी दिसतो. फॉर्मवर "प्री-ऑप चेकअप" असेल तर तोच रवा घाण दिसतो. माणूस प्रामाणिक असला तरी हे होतंच, म्हणून पेपरात शोधायचं की टेस्ट वाचणाऱ्याला कल्चरचा रिझल्ट माहीत होता का. "ब्लाइंडेड" हा शब्द सापडला पाहिजे, आणि नुसता शब्द नको, कसं केलं ते पाहिजे. नळ्यांवर नावाऐवजी कोड नंबर होते का, कार्ड वाचणारा आणि कल्चर वाचणारा वेगळा होता का. जी टेस्ट मशीन आकडा छापून देतं तिथं ह्याचा फरक कमी पडतो. डोळ्यांनी वाचायच्या टेस्टला, सोनोग्राफीला, एक्स-रेला खूप पडतो.

दुसरी गोष्ट कट-ऑफ, म्हणजे कुठल्या आकड्यापासनं पॉझिटिव्ह म्हणायचं. विडालमध्ये ओ टायटर (सीरम किती पातळ केलं तरी गुठळ्या दिसतात तो आकडा) १:८० ला पॉझिटिव्ह म्हणायचं की १:१६०? टायफॉईड जिथं कायम असतो तिथल्या निरोगी लोकांत पण थोडं टायटर असतंच, त्यामुळं एका गावाचा कट-ऑफ दुसरीकडं तसाच चालत नाही. प्रश्न हा की अभ्यास सुरू करायच्या आधी कट-ऑफ ठरवला होता, की सगळे रिझल्ट हातात आल्यावर सगळ्यात सुंदर दिसतो तो निवडला? "आरओसी कर्व्हवरून ऑप्टिमल कट-ऑफ काढला" (म्हणजे हातातल्या रिझल्टवर सगळे कट-ऑफ लावून बघून बरा दिसला तो घेतला) असं वाक्य दिसलं की समजा बाण आधी मारला आणि गोल नंतर काढला. तो कट-ऑफ दुसऱ्या पेशंटांवर परत तपासलेला असेल तरच धरायचा, आणि पेशंट थोडे असले की ही फसवणूक आणखी मोठी होते.

खरा आजार ठरवला कशानं

ज्याच्याशी टेस्ट ताडून बघतात त्याला रेफरन्स स्टँडर्ड म्हणतात, बोलताना आपण गोल्ड स्टँडर्डच म्हणतो. पण सगळं सोनं बावनकशी नसतं. टायफॉईडसाठी ब्लड कल्चर धरतात, आणि ब्लड कल्चर खऱ्या टायफॉईडपैकी साधारण ६० टक्केच पकडतं, रक्त कमी घेतलं की त्याहून कमी. बोन मॅरो कल्चर बरंच जास्त पकडतं, पण प्रत्येक तापाला बोन मॅरो कोण करायलाय?

ह्याचा टेस्टवर परिणाम काय होतो ते कागदावर मांडून बघा, मजा येते. समजा ४०० तापाचे पेशंट, त्यातल्या १०० जणांना खराच टायफॉईड आहे, ३०० ना नाही. आपलं कार्ड खरोखर चांगलं आहे, सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी ९५. कल्चर मात्र १०० पैकी ६० लाच पॉझिटिव्ह आलं. त्या ६० पैकी कार्डनं ५४ पकडले, म्हणजे ९० टक्के, ठीक. पण उरलेले ४० खरे टायफॉईडवाले कल्चरच्या हिशोबानं "टायफॉईड नाही" ह्या गटात जाऊन बसले. त्यातले ३६ कार्डनं बरोबर पकडले आणि अभ्यासानं त्यांना फॉल्स पॉझिटिव्ह म्हटलं. खऱ्या ३०० मधले १५ फॉल्स पॉझिटिव्ह धरून झाले ५१, एकूण ३४० पैकी. स्पेसिफिसिटी दिसली ८५ टक्के. म्हणजे कार्डाची काहीच चूक नसताना दहा टक्के पाण्यात. (कार्ड आणि कल्चर एकमेकांपासून स्वतंत्र चुकतात असं इथं धरलंय, खऱ्यात पेशंटमध्ये जंतू कमी असले की दोन्ही एकदम पण चुकू शकतात, मग हिशोब आणखी फिरतो.)

म्हणून रेफरन्स स्टँडर्ड कच्चं असलं की आकडा नेहमी फुगतोच असं नाही, कधी उगाच खाली पण येतो. वाचणाऱ्यानं एवढंच ठरवायचं की चूक कुठल्या दिशेला ढकलतेय.

एक चूक मात्र कायम वरच ढकलते. "लक्षणं, तपासणी आणि विडाल ह्या सगळ्यावरून डॉक्टरांनी टायफॉईड ठरवला" असं लिहून त्याच पेपरात विडालचीच सेन्सिटिव्हिटी काढली असेल, तर विद्यार्थ्यानंच स्वतःचा पेपर तपासल्यासारखं झालं. ह्याला इन्कॉर्पोरेशन बायस म्हणतात, बायस म्हणजे आकडा एका बाजूला झुकवणारी चूक. असला पेपर जर्नल क्लबमध्ये हसण्यासाठी ठेवा, दुसरा काही उपयोग नाही.

मधल्या मधे कोण गळलं

आता येतो तो भाग ज्यात चांगले चांगले वाचक पण फसतात. प्रत्येक पेशंटची टेस्ट झाली आणि प्रत्येकाचं रेफरन्स स्टँडर्ड पण झालं का? पेपरात फ्लो डायग्राम असतो, चौकोन आणि बाण, तो बोटानं मोजत खाली यायचं. वर ५०० आणि खाली ३१० असतील तर १९० कुठं गेले हे सापडलं पाहिजे.

खर्चिक किंवा त्रासाची रेफरन्स टेस्ट असली की लोक काय करतात, टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांना पुढं पाठवतात आणि निगेटिव्ह आलेल्यांतले थोडेच. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी गावोगावी कॅम्पमध्ये व्हीआयए करतात, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं. पॉझिटिव्ह बाईला कॉल्पोस्कोपीला (दुर्बिणीतनं गर्भाशयाचं मुख तपासायला) पाठवतात, निगेटिव्ह बाई घरी जाते. सेवा म्हणून हे बरोबरच आहे. पण ह्यावरनं टेस्टचा अभ्यास लिहिला की हिशोब कसा बिघडतो बघा.

समजा १००० बायका, २०० ना खरा दोष, ८०० ना नाही. टेस्टची खरी सेन्सिटिव्हिटी ७०, स्पेसिफिसिटी ९०. म्हणजे १४० बरोबर पकडल्या, ६० सुटल्या, ८० उगाच पॉझिटिव्ह, ७२० बरोबर निगेटिव्ह. (२०० हा आकडा हिशोब सोपा व्हावा म्हणून, कॅम्पमध्ये एवढा दोष नसतो.) आता पॉझिटिव्ह आलेल्या २२० सगळ्यांची कॉल्पोस्कोपी झाली, आणि ७८० निगेटिव्हपैकी दहा टक्क्यांची, म्हणजे ७८ ची. त्यात सुटलेल्या ६ सापडतील आणि बरोबरच्या ७२. पेपरात सेन्सिटिव्हिटी निघाली १४६ पैकी १४०, म्हणजे ९६ टक्के! आणि स्पेसिफिसिटी १५२ पैकी ७२, म्हणजे ४७. टेस्ट तीच, ७० ची ९६ झाली आणि ९० ची ४७. ॲबस्ट्रॅक्टमध्ये मग "अत्यंत संवेदनशील चाचणी" असं छापून येतं. निगेटिव्हमधल्या किती टक्क्यांची तपासणी झाली आणि त्या कशा निवडल्या हे दिलं असेल तर आकडा दुरुस्त करता येतो, दिलं नसेल तर नाही.

ह्याचाच भाऊ म्हणजे पॉझिटिव्हला बायोप्सी आणि निगेटिव्हला "सहा महिने फोन करून विचारलं". दोन गटांना दोन वेगळ्या फूटपट्ट्या. कधी कधी दुसरा इलाज नसतो, समजून घ्यायचं, पण लक्षात ठेवायचं.

वेळेचं अंतर पण इथंच बघा. डेंग्यूत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) पहिल्या चार-पाच दिवसांत चांगलं दिसतं, मग कमी होतं, आणि आयजीएम (शरीरानं बनवलेली अँटिबॉडी) साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासनं वर यायला लागतं. पेपरात तापाच्या कितव्या दिवशी रक्त घेतलं ते नसेल तर एनएस१ च्या टक्क्याला काहीच अर्थ नाही. आपल्याकडं कणकुंबीचा पेशंट कितव्या दिवशी पोचतो? त्या दिवसाचा आकडा शोधा, सगळ्यांचा मिळून काढलेला नको.

आणि पुसट रेघा! कार्डावर रेघ आली म्हणावी तर आली, नाही म्हणावी तर नाही. काही पेपर असले रिझल्ट "इनव्हॅलिड" म्हणून हिशोबातनंच काढून टाकतात. १०० आजारी पेशंटांत १२ पुसट, उरलेल्या ८८ पैकी ८० बरोबर, म्हणून लिहिलं ९१ टक्के. पण दवाखान्यात पुसट रेघवाला पेशंट समोरच बसलेला असतो, त्याला कुठं काढून टाकणार? त्याला धरलं तर १०० पैकी ८०.

आता टक्के, पण स्वतः काढायचे

चार घरांचा तक्ता स्वतःच्या हातानं काढा. वर आजार आहे, आजार नाही. बाजूला टेस्ट पॉझिटिव्ह, टेस्ट निगेटिव्ह. पेपरातले कच्चे आकडे त्यात भरा. आकडे मिळत नसतील, किंवा बेरीज लागत नसेल, तर तो पेपर तिथंच संशयात. नुसती "ॲक्युरसी ९३ टक्के" दिली असेल तर तो आकडा सोडून द्या, त्यात दोन्ही चुका एकत्र कालवलेल्या असतात.

किती पेशंटांवर आकडा उभा आहे तेही बघा. २० पैकी १८ म्हणजे ९० टक्के, आणि १०० पैकी ९० म्हणजे पण ९० टक्के. पण पहिल्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) साधारण ६८ ते ९९ आणि दुसऱ्याचा ८२ ते ९५. पहिल्यात खरी सेन्सिटिव्हिटी ७० पण असू शकते. "३० पैकी ३०, स्पेसिफिसिटी १०० टक्के" असं कुणी मिरवलं तर एक गावठी नियम लावायचा, ३ भागिले पेशंटांची संख्या. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत चूक अजून शिल्लक असू शकते. चांगले पेपर इंटरव्हल स्वतः देतात, जे देत नाहीत त्यांना तो द्यायला लाज वाटत असते असं माझं मत.

पुढं सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सिटिव्हिटी आजार असलेल्यांत टेस्टचं काय होतं ते सांगते, पण आपल्यासमोर रिपोर्ट असतो आणि आजार आहे की नाही तेच माहीत नसतं. वरच्या फ्रीजर आणि रक्तदात्यांच्या अभ्यासात समजा दोन्ही आकडे ९० निघाले. १०० ला १०० पेशंट, पॉझिटिव्ह आलेल्यांत ९० खरे आणि १० खोटे, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट ९० टक्के खरा. फोल्डरवर हाच आकडा छापतात. आता तेच कार्ड आपल्या ओपीडीत १००० तापवाल्यांवर लावा, त्यात टायफॉईड समजा ५ टक्के, म्हणजे ५० जण. पॉझिटिव्ह खरे ४५. उरलेल्या ९५० तले १० टक्के खोटे, म्हणजे ९५. एकूण १४० पॉझिटिव्हमध्ये खरे ४५, म्हणजे ३२ टक्के. तीनमधल्या दोघांना आपण उगाच टायफॉईड म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि त्यांचा खरा आजार तसाच राहिला. निगेटिव्हचं मात्र बघा, ८६० पैकी ८५५ बरोबर. म्हणजे हे कार्ड टायफॉईड "आहे" म्हणायला कुचकामी आणि "नाही" म्हणायला ठीक, तेसुद्धा मुळात टायफॉईड कमी होता म्हणून.

हाच हिशोब लाइकलीहूड रेशोनं (रिपोर्टनं आजाराची शक्यता किती पट बदलते तो आकडा) पटकन होतो. पॉझिटिव्हचा रेशो म्हणजे सेन्सिटिव्हिटी भागिले (१०० वजा स्पेसिफिसिटी), इथं ९० भागिले १० म्हणजे ९. आधीची शक्यता ५ ला ९५, म्हणजे १ ला १९. गुणिले ९, झालं ९ ला १९, म्हणजे २८ मधले ९, परत ३२ टक्केच. दहाच्या वरचा रेशो असला की टेस्टनं मत बदलायला हरकत नाही, दोनच्या आसपास असला तर टेस्टचे पैसे वाया. आधीची शक्यता मात्र पेपर देणार नाही, ती आपल्या गावची, आपल्या महिन्याची. जुलैतली वेगळी, फेब्रुवारीतली वेगळी.

आपल्याकडं चालेल का

एकच किट दोन ठिकाणी किती वेगळं वागतं ह्याचं उदाहरण सगळ्यांनी जगलेलं आहे. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं कोविडच्या रॅपिड अँटिजेन टेस्टला परवानगी दिली तेव्हा त्यांच्याच कागदात लिहिलं होतं की दोन ठिकाणच्या तपासणीत सेन्सिटिव्हिटी ५०.६ ते ८४ टक्के आली, पेशंटमध्ये व्हायरस किती आहे त्यानुसार, आणि स्पेसिफिसिटी ९९.३ ते १०० टक्के. म्हणूनच नियम होता, पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्ह धरा, लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करा. आकड्यांवरनं नियम कसा काढायचा ह्याचा तो नमुना होता, फक्त गावागावात लोकांनी नियमाचा पहिला अर्धाच भाग ऐकला.

डेंग्यूत आणखी एक खाच. एनएस१ पहिल्यांदा डेंग्यू झालेल्यात जास्त पकडतं, दुसऱ्यांदा झालेल्यात कमी. परदेशी प्रवाशांवर केलेला अभ्यास असेल तर ते बहुतेक पहिल्यांदाच झालेले असतात. आपल्या शहरातल्या मोठ्या माणसाला आधी कधीतरी होऊन गेलेला असतो, कळलं पण नसेल. मग तिथले टक्के इथं आणायचे कसे?

बाकी साध्या गोष्टी: अभ्यासात टेस्ट केली कुणी, मोठ्या संस्थेतल्या ट्रेनिंग घेतलेल्या टेक्निशियननी की पीएचसीतल्या सिस्टरनी? किट एसीत ठेवलं होतं का, आपल्याकडं एप्रिलमध्ये लाइट गेल्यावर ते कपाटात कितीला तापतं? गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट मशीन (टीबीसाठी वापरतात ते) बॅटरीवर चालतं आणि तालुक्याच्या ठिकाणी वापरायलाच बनवलंय. असल्या टेस्टचा पेपर वाचताना मुद्दाम बघायचं की आकडे मोठ्या लॅबमधले आहेत की खरंच तालुक्यातले.

टीबीचं रक्त: एवढं सगळं न बघितल्याचा परिणाम

रक्तातल्या अँटिबॉडीवरनं टीबी ओळखायच्या एलायझा आणि रॅपिड टेस्ट देशभर खाजगी लॅबमध्ये सर्रास चालायच्या. पेपर ढिगानं होते. पण ते पेपर वर सांगितल्या पद्धतीनं तपासल्यावर दिसलं की बहुतेकांचा दर्जा हलका आणि आकडे ह्या पेपरातनं त्या पेपरात कुठंच्या कुठं जाणारे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या टेस्ट वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं, टीबीच्या बाबतीत चालू वापरातल्या गोष्टीला असा सरळ नकार त्यांनी पहिल्यांदाच दिला, आणि २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांची आयात, उत्पादन, विक्री बंद केली. तोपर्यंत किती जणांनी टीबी नसताना गोळ्या खाल्ल्या आणि किती जण टीबी असून "निगेटिव्ह" रिपोर्ट घेऊन घरी गेले, त्याचा हिशोब कोण देणार?

क्वाडास आणि स्टार्ड ह्यांचा घोळ

जर्नल क्लबमध्ये मास्तर विचारतातच म्हणून थोडक्यात. क्वाडास-२ हे २०११ चं, अभ्यासाचा दर्जा तपासायचं साधन, चार भाग: पेशंटांची निवड, टेस्ट, रेफरन्स स्टँडर्ड, आणि फ्लो आणि टायमिंग. वर आपण त्याच क्रमानं आलोय. पहिल्या तीन भागांत बायसबरोबर "हे आपल्या प्रश्नाला लागू पडतंय का" हे पण विचारलेलं आहे. त्यात मार्क देऊन बेरीज करायची नसते, "१४ पैकी ११" असं कुणी लिहिलं असेल तर समजायचं त्यानं पहिल्या क्वाडासची जुनी १४ प्रश्नांची यादी वापरली किंवा वाचलंच नाही. स्टार्ड वेगळं, ते पेपर लिहिणाऱ्यासाठी, काय काय छापायला पाहिजे त्याची यादी, २०१५ च्या आवृत्तीत ३० मुद्दे. स्टार्ड पाळलं म्हणून अभ्यास चांगला असं होत नाही, फक्त दोष लपलेले राहत नाहीत.

पेपरच नसेल, नुसता बॉक्समधला कागद असेल तर

लॅबवाल्यांसमोर बऱ्याचदा पेपर नसतोच, किटच्या बॉक्समधला घडी घातलेला कागद असतो. त्यातलं "परफॉर्मन्स कॅरॅक्टरिस्टिक्स" वाचा. कितीतरी वेळा तिथं तुलना कल्चरशी नसते, बाजारातल्या दुसऱ्या किटशी असते, आणि तरी खाली "सेन्सिटिव्हिटी" म्हणून छापलेलं असतं. दोन कार्डं एकमेकांशी जुळली म्हणजे दोन्ही बरोबर असं नाही, दोन्ही एकाच ठिकाणी चुकत असतील. एमआरला तीनच प्रश्न विचारायचे: किती नमुने, कुणाचे नमुने, कशाशी ताडले. उत्तर ईमेलवर मागायचं, तोंडी नको. बऱ्याच वेळा ईमेल येतच नाही, मग ऑर्डर पण जात नाही.

आणि जमत असेल तर लॅबमध्ये उणे २० च्या फ्रीजरात थोडी सीरम जमवून ठेवा, कल्चर पॉझिटिव्ह टायफॉईडची काही, आणि पक्क्या डेंग्यूची, मलेरियाची, लेप्टोची काही, निरोगी माणसांची नकोत. नवीन किट आलं की दुसऱ्या कुणालातरी नळ्यांवर नंबर घालायला सांगायचं, यादी त्याच्याच खिशात, आणि आपण कार्डं लावून वाचून वहीत लिहायचं, मगच यादी उघडायची. वीस-पंचवीस नळ्यांवरनं सेन्सिटिव्हिटी काढत बसायचं नाही, इंटरव्हल किती रुंद असतो ते वर बघितलंच, पण डेंग्यूच्या पाच नळ्यांतल्या तीन टायफॉईड पॉझिटिव्ह दाखवायला लागल्या तर बॉक्स त्याच दिवशी परत करता येतो.